जुना फ्लॅट घेताना-विकताना: विसार पावतीपासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना निदान महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कुंडली तरी मांडलेली असते. सोसायटीतला जुना फ्लॅट म्हणजे रीसेल घेताना मात्र ती कुंडली तुमची तुम्हाला मांडावी लागते. यातले बहुतेक व्यवहार फसवणुकीमुळे बिघडत नाहीत, क्रम चुकल्यामुळे बिघडतात. कागद तपासायच्या आधी मोठी रक्कम जाते, कर्ज मंजूर व्हायच्या आधी मुदत लिहून दिली जाते, पूर्ण पैसे हातात पडायच्या आधी किल्ल्या दिल्या जातात. पैसा कायम कागदाच्या एक पाऊल मागे चालला पाहिजे. खाली दिलेला क्रम महाराष्ट्रातल्या, विशेषतः मुंबई, ठाणे आणि पुण्यातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांमधल्या फ्लॅटसाठी आहे.

आधी हिशेब

जाहिरातीतल्या किमतीवर घराचं बजेट ठरवू नका. समजा पुण्यात ८५ लाखांचा फ्लॅट पाहिला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. प्रत्यक्षात बँका थोडा हात आखडता घेतात. ७५ टक्के धरले तर कर्ज ६३.७५ लाख, म्हणजे खिशातून २१.२५ लाख. त्यावर मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ५.९५ लाख, नोंदणी शुल्क ३० हजार, दलाली १ टक्का धरली तर ८५ हजार आणि सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे सभासद बदलताना ती घेते ती रक्कम, २५ हजारांपर्यंत. बेरीज होते २८.६० लाख. दलाल जीएसटी नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के वेगळे. वकील, बँकेची प्रक्रिया फी, कर्जाच्या गहाणाचं मुद्रांक शुल्क आणि सामान हलवणं अजून बाकीच आहे. ३० लाख हाताशी नसतील तर ८५ लाखांचा फ्लॅट आपल्या आवाक्यात नाही, असंच धरून चाला.

आणखी एक खाच आहे. कर्ज ठरतं ते करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांतल्या कमी आकड्यावर. त्याने ८० लाख लिहिले तर कर्ज ६० लाखांवर येतं आणि पावणेचार लाखांचा खड्डा तुमच्याकडे. म्हणून टोकन देण्याआधी बँकेकडून आपल्या उत्पन्नावरची मंजुरी घ्या आणि मूल्यांकन होईपर्यंत विक्रेत्याशी पक्की मुदत बांधू नका.

मुद्रांक शुल्काचे दर ठिकाणाप्रमाणे बदलतात. मुंबईत मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, पुणे-ठाण्यात महापालिकेच्या १ टक्क्यासह ७ टक्के. खरेदी फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ती जाते. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. शुल्क आकारलं जातं करारातली किंमत आणि शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातला म्हणजे रेडी रेकनरचा भाव, यांतल्या मोठ्या आकड्यावर. नवा तक्ता १ एप्रिलपासून लागू होत असल्याने मार्चअखेरीस ठरलेला व्यवहार एप्रिलवर ढकलण्याआधी दोन्ही आकडे काढून पाहा.

“थोडं ब्लॅकमध्ये द्या” हा प्रस्ताव दोन्ही बाजूंना महागात पडतो. करारातली किंमत रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली, तर विक्रेत्याचा नफा रेकनरच्या भावाने मोजला जातो आणि तोच फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरून त्यालाही कर लागतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय कागदावर किंमत कमी दाखवली की कर्जही त्या कमी किमतीवरच मिळतं.

घर बघायला कधी आणि कसं जायचं

पावसाळ्यात, जोराच्या सरीनंतर दोन-तीन दिवसांत जा. ते जमणार नसेल तर संडासाच्या आणि बाथरूमच्या भिंतीची मागची बाजू पाहा. बेडरूममधलं कपाट बरोबर त्याच भिंतीला लावलेलं असेल तर ते थोडं सरकवायला सांगा. छतावरचा ताजा रंगाचा चौकोन पोपडे झाकण्यासाठी असू शकतो. शेवटच्या मजल्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं आणि कोणाच्या खर्चाने, ते विचारा. गच्चीची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. लादीवर नाण्याने टकटक केलं की पोकळ लादी आवाजावरून कळते. पाणी कोणत्या वेळी येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. वॉचमनला विचारा आणि मेंटेनन्सच्या बिलात टँकरची ओळ आहे का ते बघा.

इमारत जुनी असेल तर सोसायटीकडे तिचा संरचनात्मक तपासणी अहवाल मागा. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीची दर ३ वर्षांनी व्हायला हवी. गेल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मिळालं तर ते आधी वाचा. मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी लाख-दीड लाख काढायचा ठराव झालेला असेल तर तो खर्च कोणाच्या डोक्यावर, हे किंमत ठरवतानाच बोलायचं असतं.

पार्किंगबद्दल स्पष्ट बोला. बिल्डरला मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं आहे. अशा जागेचं वाटप सोसायटी करते. विक्रेता “पार्किंगसकट” म्हणत असेल तर सोसायटीचं वाटपपत्र पाहा आणि नव्या सभासदाला ती जागा मिळणार का, हे सचिवांकडून लेखी घ्या.

कागदांची साखळी

साखळी म्हणजे बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंत फ्लॅट ज्या ज्या हातांतून गेला, त्या प्रत्येक व्यवहाराचा नोंदणीकृत करार. २००५मध्ये बिल्डरकडून एकाने घेतला, २०१२मध्ये दुसऱ्याला विकला, २०१९मध्ये आजच्या विक्रेत्याने घेतला, तर तिन्ही करार, त्यांच्या नोंदणी पावत्या आणि सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू हवेत. मधला एक गहाळ असेल तर हरवल्याची पोलीस तक्रार, वर्तमानपत्रातली नोटीस आणि निबंधक कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत हवी. जुन्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं असेल तर दरमहा २ टक्के दंड, कमी भरलेल्या शुल्काच्या चौपटीपर्यंत चढतो. बँकेचा वकील हे शोधून काढतोच. म्हणून आधी आपण शोधा.

इंडेक्स टू हा एका पानाचा कागद, पण तो वाचायची सवय बहुतेकांना नसते. वर विलेखाचा प्रकार असतो: करारनामा, अभिहस्तांतरण, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र वगैरे. मग मोबदला आणि बाजारभाव हे दोन आकडे. त्याखालचा मालमत्तेचा तपशील शांतपणे वाचा. फ्लॅट क्रमांक, मजला, इमारतीचं नाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक हे सगळं जागेवरच्या वास्तवाशी जुळलं पाहिजे. नंतर लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं, दस्त केल्याचा आणि नोंदल्याचा दिनांक. क्षेत्रफळ कार्पेट आहे की बिल्ट-अप, तेही पाहा. एका दस्तात “फ्लॅट नं. ४” आणि पुढच्यात “४०४” असं निघालं तर आजच तो प्रश्न सोडवा.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये जाऊन स्वतः शोध घ्या. साधारण २००२पासूनचे दस्त संगणकावर सापडतात. त्याआधीचे दुय्यम निबंधक कार्यालयात शोधावे लागतात. हा तीस वर्षांचा शोध वकिलाकडूनच करून घ्या. शोधात “नोटीस ऑफ इंटिमेशन” निघाली तर त्या फ्लॅटवर कधीतरी कर्ज काढलेलं आहे. ते फिटल्याचा पुरावा मागा. सरसाई या केंद्रीय नोंदणीत मालमत्तेचा शोध १० रुपये शुल्कात घेता येतो. दोन बँकांकडे एकच फ्लॅट तारण असल्याची भानगड तिथे उघडी पडू शकते.

शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, मागच्या बाजूने वाचा. पुढे मूळ सभासदाचं नाव आणि ५० रुपयांच्या शेअरचे क्रमांक असतात. मागच्या तक्त्यात प्रत्येक हस्तांतरणाची तारीख, नव्या सभासदाचं नाव आणि अध्यक्ष, सचिव व समिती सदस्याच्या सह्या असतात. विक्रेत्याचं नाव त्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीत असायला हवं. करार त्याच्या नावावर आणि सर्टिफिकेटवर मात्र आधीच्या मालकाचं नाव, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यायला सांगा.

वारसा हा सगळ्यात जास्त व्यवहार अडवणारा भाग. वडील गेले, नॉमिनी आई होती, सोसायटीने सर्टिफिकेटवर आईचं नाव लावलं, आणि आता आई विकते आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, पण त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही. मृत्युपत्र नसेल तर मुलगे आणि विवाहित मुलीसुद्धा हिस्सेदार असतात. एकतर सगळ्या वारसांनी तुमच्या करारावर विक्रेते म्हणून सह्या करायच्या, किंवा आधी आईच्या नावाने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. “बहीण अमेरिकेत असते, तिची हरकत नाही” हे तोंडी चालत नाही. तिला भारतीय वाणिज्य दूतावासातून किंवा तिथल्या नोटरीकडून अपोस्टिलसह कुलमुखत्यारपत्र पाठवावं लागेल, आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागेल. या एका कागदापायी दीड-दोन महिने सहज जातात. घर विकायचं मनात आलं की वारसांच्या कागदांपासूनच सुरुवात करणारा विक्रेता शहाणा. कुलमुखत्यारपत्र सही करण्यापुरतं असतं. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने फ्लॅटची मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये स्पष्ट केलं आहे.

इमारतीचे कागद म्हणजे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमिनीचं अभिहस्तांतरण म्हणजे सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स, किंवा मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर अनेक बँका कर्जच देत नाहीत. अभिहस्तांतरण झालेलं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. फ्लॅट विकता येतो, पण पुनर्विकासाच्या वेळी घोडं अडतं. पुनर्विकासाच्या आशेवर जास्त भाव सांगणाऱ्याला हा कागद जरूर मागा. मालमत्ता पत्रकावरचा सत्ता प्रकार पाहायला विसरू नका: जमीन भोगवटादार वर्ग २ म्हणजे बोलीभाषेतली “कलेक्टर लँड” असेल किंवा भाडेपट्ट्याची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची अथवा संबंधित प्राधिकरणाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागू शकतं. म्हाडाच्या सोडतीतलं घर पहिली ५ वर्षं विकता येत नाही. त्या मुदतीत कोणी नोटरीच्या कागदावर विकत असेल तर त्यात पडू नका.

मंजूर नकाशा घेऊन फ्लॅटमध्ये एकदा फिरा. बंद केलेली गॅलरी मुंबई-पुण्यात घरोघरी सापडते. पण दोन फ्लॅट जोडून पाडलेली मधली भिंत किंवा सरकवलेलं स्वयंपाकघर बँकेच्या मूल्यांककाला खटकतं, आणि अहवालात ते आलं की मंजुरी अडते.

विसार पावती

कागदांच्या झेरॉक्स हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मग द्यायचं टोकन आपल्याकडे ५१ हजार, १ लाख ११ हजार असं शुभ आकड्यात असतं. आकडा काहीही ठेवा, पण चेकने किंवा बँक ट्रान्सफरने द्या आणि विसार पावती म्हणजे टोकनची लेखी पावती करा. पावतीत फ्लॅटचा तपशील, ठरलेली एकूण किंमत, पार्किंग, मागे राहणाऱ्या वस्तू, करार नोंदवायची तारीख आणि पैशांचे टप्पे लिहा. दोन ओळी मात्र तिच्यात असल्याच पाहिजेत: मालकी हक्कात दोष निघाला किंवा बँकेने मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारलं तर टोकन अमुक दिवसांत पूर्ण परत, आणि खरेदीदाराने विनाकारण माघार घेतली तर किती रक्कम जप्त. दुसरी ओळ विक्रेत्यासाठी आहे, तीही रास्तच आहे.

मागे राहणाऱ्या वस्तूंची यादी खोलीवार लिहा. एसी, गीझर, मॉड्युलर किचन, पंखे, वॉटर प्युरिफायर. ताबा घ्यायला गेल्यावर छताला लोंबणाऱ्या वायरी पाहून सुरू होणारी भांडणं दोन-पाच हजारांची असतात, पण त्यात शेवटचा चेक अडकतो.

त्यानंतर वकिलाने एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. हरकतीची मुदत सहसा १४ ते १५ दिवस ठेवतात. ती संपेपर्यंत करार नोंदवू नका.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर

मूळ कागद विक्रेत्याच्या बँकेत आहेत, तुमची बँक मूळ कागद मिळाल्याशिवाय पैसे सोडायला कचरते, आणि पैसे मिळाल्याशिवाय पहिली बँक कागद सोडत नाही. यातून सुटायचा मार्ग ठरलेला आहे.

विक्रेत्याने बँकेकडून दोन पत्रं घ्यायची. एक फोरक्लोजर लेटर: अमुक तारखेला कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल आणि रोजचं व्याज किती. दुसरं, बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी, जिला बँकवाले एलओडी म्हणतात. तुमची बँक ही दोन्ही पाहून कर्ज मंजूर करते. करार नोंदवला की खरेदीदाराच्या बँकेचा पहिला चेक विक्रेत्याच्या नावाने नव्हे, तर त्याच्या बँकेच्या नावाने निघतो, आणि त्यावर कर्जखात्याचा क्रमांक लिहिलेला असतो. उरलेली रक्कम दुसऱ्या चेकने विक्रेत्याला. मूळ कागद शक्यतो एका बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत जावेत.

अडचण येते ती तारखांत. फोरक्लोजर लेटरची मुदत थोड्या दिवसांची असते आणि करार होऊन चेक निघेपर्यंत ती संपते. नवं पत्र मागा, आणि दोन-चार दिवसांच्या जादा व्याजाचे पैसे विक्रेत्याने खात्यात तयार ठेवावेत. कर्ज पूर्ण बंद होईपर्यंत हप्ता थांबवू नका, नाहीतर चेक वटायच्या आठवड्यातच हप्ता बाउन्स होतो. वैयक्तिक नावावरच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे; तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. डिसेंबर २०२३पासून हा नियम आहे. कागद मिळाल्यावर सरसाईतली तारणाची नोंद बंद झाली का, ते पाहा. हे काम विसरलं जातं आणि पुढच्या विक्रीत डोकं वर काढतं.

खरेदीदाराने आपल्या वाट्याची रक्कम विक्रेत्याच्या हातात देऊन “तुम्ही कर्ज फेडा, मग पुढचं बघू” असं म्हणू नये. ती द्यायचीच असेल तर थेट कर्जखात्यात भरा.

टीडीएस

करारातली किंमत किंवा रेकनरचा भाव ५० लाख किंवा जास्त असेल, तर खरेदीदाराने विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कर कापून सरकारकडे भरायचा. हाच टीडीएस. हा टक्का पूर्ण किमतीवर असतो, ५० लाखांवरच्या रकमेवर नव्हे. खरेदीदार दोन आणि प्रत्येकाचा वाटा ४५ लाख, म्हणून सुटका होत नाही. एकूण किंमत धरली जाते. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर चलन-विवरण चार वेळा भरावं लागतं. मुदत ज्या महिन्यात कापलं तो महिना संपल्यापासून ३० दिवस. उशिराला दिवसाला २०० रुपये फी, व्याज वेगळं. आयकर पोर्टलवर भरायचं हे विवरण बाजारात सगळे अजून ट्वेंटीसिक्स-क्यूबी म्हणूनच ओळखतात.

घोटाळा इथे होतो: बँक कर्जाची पूर्ण रक्कम विक्रेत्याला देऊन टाकते आणि त्या भागाचा टीडीएस राहून जातो. ८५ लाखांवर एकूण ८५ हजार. ते स्वतःच्या वाट्याच्या रकमेतूनच कापायचे, असं करारात आणि बँकेला आधीच सांगून ठेवा. विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ ऐवजी २० टक्के कापावे लागतात, म्हणजे पंच्याऐंशी हजार नव्हे, सतरा लाख. पॅनची स्थिती पोर्टलवर आधी तपासा.

विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू होत नाही. दीर्घकालीन नफ्यावरचा १२.५ टक्के दर, त्यावर अधिभार आणि उपकर, आणि आयकर खात्याचं कमी दराचं प्रमाणपत्र नसेल तर व्यवहारात हे पूर्ण किमतीवर कापलं जातं. ते प्रमाणपत्र विक्रेत्यानेच वेळेवर मागायचं असतं. विक्रेता निवासी की अनिवासी, हे टोकनच्या आधी लेखी विचारा. कापायचं राहिलं तर जबाबदारी खरेदीदाराची.

नोंदणीचा दिवस

दस्ताची माहिती वकील किंवा एजंट आधी ऑनलाइन भरतो आणि ११ अंकी क्रमांक मिळतो. मुद्रांक आणि नोंदणी शुल्काचं ई-चलन निघतं. नोंदणी कार्यालयात जायच्या आधल्या रात्री या डेटा एंट्रीचं प्रिंट मागवा आणि नावं मराठीत अक्षर न् अक्षर तपासा. वेलांटी चुकली, फ्लॅट क्रमांक उलटा पडला की चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं, आणि त्यासाठी त्याच सगळ्या लोकांना पुन्हा कार्यालयात यावं लागतं. विक्रेता तोवर बंगळुरूला मुलाकडे गेलेला असतो.

सोबत आधार, पॅन, आणि दोन्ही पक्षांना ओळखणारे दोन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. कार्यालयात फोटो आणि अंगठा संगणकावर घेतात. दस्तहाताळणी शुल्क पानागणिक लागतं, त्यामुळे उगाच दीडशे पानांचे जोडकागद लावू नका. म्हाताऱ्या विक्रेत्यांचे अंगठे कधीकधी उमटत नाहीत. सकाळची वेळ घ्या, बरोबर क्रीम ठेवा. करार सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदवता येतो, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी करणं उत्तम.

ताबा पूर्ण पैसे मिळाल्यावरच, असं करारात स्पष्ट लिहा. कर्जाचा चेक यायला उशीर झाला तर किती दिवस सवलत आणि नंतर किती व्याज, तेही लिहा. कर्ज असेल तर करार ते ताबा ४५ ते ६० दिवस ठेवावेत. “पंधरा दिवसांत सगळं होतं” म्हणणाऱ्या दलालाला त्या पंधरा दिवसांनंतर फोन लागत नाही.

सोसायटी

आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट विकायला सोसायटीचं ना-हरकत पत्र आवश्यक नाही, पण बँकेला ते लागतंच. विक्रेत्याने १५ दिवस आधी हस्तांतरणाची सूचना द्यायची, नंतर दोघांनी विहित नमुन्यात अर्ज करायचे. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि अधिमूल्य महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार. देणगी, विकास निधी, इमारत निधी अशा कुठल्याही नावाने त्यावर रक्कम घेता येत नाही. कुटुंबातल्या हस्तांतरणावर अधिमूल्य लागत नाही. मागितलं तर लेखी मागणीपत्र मागा. पुष्कळदा तिथेच विषय संपतो. नाही संपला तर उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. सभासदत्वाच्या पूर्ण अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. अर्जाची पोच म्हणूनच जपून ठेवा. अधिमूल्य कोणी भरायचं? बहुधा निम्मं-निम्मं, पण ते करारात लिहा.

थकबाकी नसल्याचा दाखला ताब्याच्या तारखेपर्यंतचा घ्या. सोसायटीची आणि महापालिकेची थकबाकी फ्लॅटला चिकटते, माणसाला नाही.

विक्रेत्याचा कर

दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेलं घर विकलं की नफा दीर्घकालीन. २३ जुलै २०२४पासून दर १२.५ टक्के, महागाई निर्देशांकाचा फायदा नाही. पण त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून २० टक्के, असा हिशेब करून कमी येणारा कर भरता येतो. २००८-०९मध्ये २४ लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६मध्ये ८५ लाखांना विकला असं समजा. नव्या पद्धतीत नफा ६१ लाख, कर ७.६२ लाख. जुन्या पद्धतीत निर्देशांक १३७वरून ३७६, म्हणजे खर्च ६५.८७ लाख, नफा १९.१३ लाख, कर ३.८३ लाख. अधिभार, उपकर वेगळे. फरक जवळजवळ निम्म्याचा, म्हणून दोन्ही आकडे काढल्याशिवाय सनदी लेखापालाला “भरून टाका” म्हणू नका.

नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर सूट आहे: विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर घेतलं नसेल तर पैसे कॅपिटल गेन्स खात्यात टाका. साध्या बचत खात्यात राहिले तर सूट जाते. दुसरा मार्ग सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत, कमाल ५० लाख, ५ वर्षं अडकवून.

ताब्यानंतर

वीजबिल, मालमत्ता कर आणि पाइप गॅस यांवरचं नाव बदलायला इंडेक्स टूची प्रत पुरते. गॅसची अनामत विक्रेत्याला परत द्यायची की नाही, ते आधी ठरवा. पुण्यात राहत्या घराला मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत नव्या मालकाने स्वतः अर्ज करून मागावी लागते. शेअर सर्टिफिकेटवर आपलं नाव चढलं की त्याच भेटीत नॉमिनेशनचा अर्जही द्या आणि पोच घ्या. दाराचं कुलूप आणि खालच्या लेटरबॉक्सचं कुलूप त्याच दिवशी बदला. जुन्या मालकाच्या नावाची पत्रं वर्षभर येत राहतात, तेव्हा त्यांचा नवा पत्ता लिहून ठेवा.